विहीर गावाची, पिशवी घरची

प्रश्न

कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यातल्या एका वाचक बाईंचं हे पत्र. वय चौतीस. घरी सासू-सासरे, थोरले दीर आणि जाऊबाई, नवरा, दोन मुलं. गावात पाणी तपासायला शिकवलेल्या पाच बायकांपैकी त्या एक. महिन्यातून एकदा किट घेऊन नळपाणी योजनेच्या विहिरीचं पाणी तपासतात, वहीत नोंद करतात आणि खाली सही करतात.

पंधरा दिवसांपूर्वी उसाला हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, लागली म्हणून थोरल्या दिरांनी थिमेट, म्हणजे फोरेट हे कीटकनाशक, टाकलं. ते बंद झालंय हे त्यांना ठाऊक होतं. दुकानदाराने बिल न देता मागच्या दाराने पिशवी दिली. काम आटोपल्यावर त्यांनी घमेलं आणि बादली योजनेच्या विहिरीच्या काठावरच खळबळून धुतली, आणि ते पाणी ओघळून परत विहिरीत गेलं. बाईंनी हे स्वतः पाहिलं. नवरा म्हणतो, "घरातली गोष्ट चावडीवर नेऊ नकोस." त्यानंतर किटने तपासलं तर पाणी चांगलंच दिसलं. "सगळे रकाने बरोबर भरलेत आणि मला रात्री झोप लागत नाही," असं त्या लिहितात. त्यांचे प्रश्न असे: "घरात आरओ बसवून गप्प बसू, की ग्रामसभेत सांगून घर फोडू? आणि या महिन्याची सही करू की नको?"

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

उत्तर

ताई,

सहीचा प्रश्न मी शेवटी घेते. आधी पाण्याचं बोलू, कारण तुम्ही हे वाचत असाल तेव्हाही त्या विहिरीवरचा पंप चालूच असेल.

आजच जलसुरक्षकाला, म्हणजे गावाचं पाणी सांभाळणाऱ्या पंचायतीच्या माणसाला, आणि ग्रामसेवकांना भेटा. एवढंच सांगा, की विहिरीच्या काठावर फोरेटचं भांडं धुतलं गेलं, पाणी आत गेलं, मी डोळ्यांनी पाहिलं. कोणी धुतलं, हे आज सांगायची गरज नाही. त्यांनी विचारलं तर खोटं बोलू नका. "दोन दिवस द्या, मग सांगते," म्हणा. तुमच्या पत्रात या दोन गोष्टींची गाठ बसली आहे. पाण्यात काय पडलं हे सांगायचं तर घरच्या माणसाचं नाव घ्यावंच लागेल, असं तुम्ही धरून चाललात आणि म्हणून पंधरा दिवस गप्प राहिलात. गावाला आधी हवी आहे ती पहिली गोष्ट. अहवाल येईपर्यंत पिण्याचं पाणी बोअरचं किंवा टँकरचं घ्यायचं, हे नाव न कळताही ठरवता येतं.

आता किटबद्दल. तुम्ही चुकीचं तपासलेलं नाही. त्या किटमध्ये पीएच कळतो, क्लोरीन, फ्लोराइड, नायट्रेट, लोह, पाण्याचा कठीणपणा कळतो. जंतू असले तर छोटी बाटली काळी पडते. कीटकनाशक त्यात दिसतच नाही. ते शोधायला गॅस किंवा लिक्विड क्रोमॅटोग्राफीचं मोठं यंत्र लागतं आणि ते चालवणारा माणूस लागतो. म्हणून किटवर पाणी चांगलं आलं याचा अर्थ किटला जे कळतं तेवढं चांगलं आलं. प्रशिक्षणात हे कोणी ठासून सांगितलं नसेल, तर तो दोष तुमचा नाही.

टीसीएलचं, म्हणजे पाण्यात टाकतात त्या ब्लीचिंग पावडरचंही तसंच. पाण्यात क्लोरीन आहे का हे दाखवणारी ओटी टेस्ट पिवळी आली की आपण निर्धास्त होतो. टीसीएल जंतू मारतं, फोरेट काढून टाकत नाही. उलट फोरेटच्या जातीची, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली, काही औषधं क्लोरीनशी मिळून अधिक विषारी रूप घेतात. तरीही टीसीएल थांबवू देऊ नका. ऐन पावसाळ्यात कावीळ आणि गॅस्ट्रोची साथ आली तर ती आणखी वेगळी आफत. पाणी उकळूनही इथे काम भागत नाही. आटलेल्या पाण्यात विष उरलं, तर ते थोड्या पाण्यात जास्त होतं.

"एक घमेलं धुतलं, एवढ्या मोठ्या विहिरीत काय होणार?" असं तुमच्या घरात कोणीतरी म्हटलं असेलच. चला, हिशेब मांडू. विहीर गोल, वीस फूट रुंद आणि पाणी सोळा फूट खोल धरलं, तर ते साधारण १ लाख ४० हजार लिटर भरतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, फोरेटची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. अख्ख्या विहिरीचा हिशेब केला तर हे पाव ग्रॅमच्या थोडं वर जातं. आता थिमेट १०-जी म्हणजे शंभर ग्रॅम दाण्यांत दहा ग्रॅम विष. तेव्हा विहीर मर्यादेपर्यंत नेऊन ठेवायला तीन ग्रॅम दाणेही लागत नाहीत. चहाचा चमचा घ्या, त्यात दाणे भरा, चमचा पुरता भरण्याआधीच हिशेब पुरा होतो. घमेल्याच्या कानाखाली आणि पत्र्याच्या दुमडीत याहून जास्त अडकून राहतात.

हा कागदावरचा हिशेब आहे. सगळे दाणे विरघळले आणि सगळीकडे सारखे मिसळले, असं त्यात धरलंय. प्रत्यक्षात थोडं मातीला चिकटतं, थोडं विघटन होऊन जातं. शिवाय ही मर्यादा रोज, वर्षानुवर्षं पिणाऱ्या माणसाला धरून ठरवलेली असते. ती ओलांडली की दुसऱ्या दिवशी गाव आजारी पडतं, असं नाही. मी हे भीती घालायला सांगत नाही. "एवढ्याने काय होतं" या वाक्याला उत्तर म्हणून हा चमचा तुमच्या हाती देते आहे, कारण ते वाक्य तुम्हाला घरात आणि पंचायतीतही ऐकावं लागणार आहे.

धीर देणारी गोष्टही आहे, ती एका उलट उदाहरणावरून सांगते. मार्टिनिक आणि ग्वादलूप या कॅरिबियन बेटांवर १९७२ ते १९९३ या काळात केळीच्या बागांत क्लोरडेकोन नावाचं औषध वापरलं गेलं. फ्रान्सने १९९० मध्ये त्यावर बंदी आणली, पण या बेटांना सवलत देऊन ते आणखी तीन वर्षं चालू ठेवलं. ते मातीतून नाहीसं होत नाही. तिथल्या झऱ्यांत ते आजही सापडतं आणि नळाचं पाणी कोळशाच्या फिल्टरमधून गाळावं लागतं. फोरेट तसं चिवट नाही. काही आठवड्यांत, महिन्यांत ते मोडत जातं. पंधरा दिवसांच्या उपशात तुमच्या विहिरीचं बरंच पाणी बदललंही असेल. मात्र मोडताना त्याचे जे दोन तुकडे होतात, फोरेट सल्फॉक्साइड आणि फोरेट सल्फोन, ते मूळ औषधापेक्षा जास्त टिकतात, मातीतून पाण्याबरोबर सहज खाली झिरपतात आणि तेही विषारीच असतात. म्हणून काठावरची माती आणि तळाचा गाळ यांना विसरून चालणार नाही. विहीर उपसायची ठरली, तर ते पाणी ओढ्यात सोडू देऊ नका. खाली जनावरं पाणी पितात.

आरओचं म्हणाल तर बसवा. तुमच्या लेकरांसाठी तुम्हाला तसं वाटणं साहजिक आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. चांगला कार्बन फिल्टर आणि आरओ मिळून कीटकनाशक बरंच कमी करतात, पण काडतूस वेळेवर बदललं तरच. दोन वर्षं न बदललेला फिल्टर नुसता शोभेला राहतो. गावात वीस लिटरचे थंड जार येत असतील तर त्यावरही डोळे झाकून भरवसा नको. जारवाल्याचं बोअर त्याच शिवारात असेल तर फरक काय पडला? आणि आरओने तुमची झोप परत येईल, असं मला वाटत नाही. अंगणवाडीतली पोरं नळाला तोंड लावून पितात. ऊसतोडीच्या दिवसांत मजुरांच्या कोपींवर, म्हणजे झोपड्यांवर, हंडे त्याच नळाचे भरतात. हे तुम्ही बघता. बघत नसता तर हे पत्र आलंच नसतं.

आता घरचं.

"गप्प बसू की घर फोडू" अशा दोनच वाटा तुम्ही लिहिल्या आहेत. यांच्या मधली वाट जाऊबाईंपासून सुरू होते, असं मला वाटतं. दिरांनी थिमेट उघड्या हातांनी टाकलं असेल. हे औषध कातडीतून अंगात जातं. त्या दिवशीचे कपडे कोणी धुतले? बहुतेक जाऊबाईंनी, घरच्या बाकी धुण्याबरोबर, हातांनीच. त्यांच्याशी आधी बोला. त्या दिवशी दिरांना घाम फुटला होता का, डोकं दुखत होतं का, डोळ्यांपुढे अंधुक दिसत होतं का, मळमळ, तोंडाला पाणी सुटणं, असं काही झालं का, हे विचारा. फोरेट मज्जातंतूंवर काम करतं, आणि त्याची पहिली झळ ते हाताळणाऱ्याला लागते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. औषधं वेगळी होती, पण त्यातली बरीचशी याच घराण्यातली. जाऊबाईंना हे कळलं, तर हा "धाकटीने लावलेला तमाशा" राहत नाही. त्यांच्या नवऱ्याच्या जिवाचा प्रश्न होतो, आणि खरोखर तो आहेच.

मग दिरांशी बोलायचं. चार माणसांत नको, मामंजींच्या समोर तर मुळीच नको. थोरल्या मुलाला बापासमोर चूक कबूल करणं किती जड जातं, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. रात्री जेवणं झाल्यावर ओसरीत, नवरा आणि जाऊबाई जवळ असताना बोला. "भाऊजी, तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, मला माहीत आहे. पण मी पाणी तपासते आणि मी ते पाहिलंय. परवापर्यंत तुम्ही स्वतः ग्रामसेवकांना सांगितलंत तर मी तुमच्याबरोबर येते. नाही सांगितलंत तर मला सांगावं लागेल." एवढं पुरे. आवाज चढवू नका आणि मुदतही वाढवू नका. शेतकरी स्वतःहून पुढे येऊन म्हणाला, की माझ्या हातून हे झालं, पाणी तपासून घ्या, तर गाव त्याला चार दिवस बोलेल आणि पाचव्या दिवशी कामाला लागेल. हीच गोष्ट बाहेरून फुटली, तर निवडणुकीपासून बांधाच्या भांडणापर्यंत सगळ्यांत ती ओढली जाईल. तुमच्या नवऱ्याला चावडीची धास्ती आहे ना, त्यांना याच बाजूने समजवा.

दिरांना कायद्याची भीती वाटेल. ती अगदीच निराधार नाही. सार्वजनिक पाणी जाणूनबुजून दूषित करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २७९ खाली गुन्हा आहे. त्यातला "जाणूनबुजून" हा शब्द महत्त्वाचा. चूक झाली हे स्वतः सांगणारा आणि दडवणारा यांत फरक पडतो. आणि या प्रकरणात मला खरा राग येतो तो दुकानदाराचा. केंद्र सरकारच्या ८ ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने फोरेट टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं आणि ३१ डिसेंबर २०२० पासून त्याची विक्री आणि वापर पूर्ण बंद झाला. त्यानंतरही बिलाशिवाय पिशवी देणारा माणूस हुमणीने हवालदिल झालेल्या शेतकऱ्याच्या अडचणीवर पैसे काढतो. तालुक्याच्या कृषी कार्यालयात गुणनियंत्रण निरीक्षक असतात. दिरांनी त्यांना दुकानाचं नाव दिलं, तर शिवारातल्या आणखी किती विहिरी वाचतील याचा विचार करा.

उरलेली पिशवी घरात असेल तर ती पुरू नका, जाळू नका, ओढ्यात फेकू नका. हातमोजे घालून जाड प्लास्टिकच्या डब्यात बंद करा, विहिरीपासून लांब कुलपात ठेवा आणि त्याच निरीक्षकांच्या हवाली करा. पिशवीवरचा लाल त्रिकोण (अतिविषारी असल्याची खूण) आणि उत्पादनाची तारीख दिसेल असा फोटो काढून ठेवा. घरात कोणाला वर लिहिलेला त्रास झाला तर १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना हा फोटो आधी दाखवा. औषध कोणतं हे कळलं की उपचार लवकर सुरू होतो.

पाण्याची तपासणी ग्रामपंचायतीच्या पत्रावर व्हायला हवी. जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण प्रयोगशाळेत आधी चौकशी करा. तिथे कीटकनाशकाची सोय नसेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत नमुना जातो. खर्च वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच मिळणाऱ्या, निधीतल्या पाण्याच्या वाट्यातून मागता येतो. नमुना कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून पाठवू नका. प्रयोगशाळेकडून तपकिरी काचेची बाटली मागवा, टीसीएल टाकण्याआधी थेट विहिरीतून नमुना घ्या आणि बर्फात ठेवून शक्य तितक्या लवकर पोचवा. अर्जात नुसतं "कीटकनाशक" लिहिलं तर त्यांच्या नेहमीच्या यादीत फोरेट नसूही शकेल. म्हणून फोरेट, त्याचे ते दोन तुकडे, शिवाय अ‍ॅट्राझिन, टू-फोर-डी ही तणनाशकं आणि क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक अशी नावं घालून मागा.

ही बाकीची नावं कशाला, असं वाटेल. तर विहिरीभोवती ऊस एकट्या तुमच्या दिरांचा नाही. तणाला अ‍ॅट्राझिन आणि टू-फोर-डी सगळेच मारतात. सगळं पाप एका घमेल्यावर टाकून गाव मोकळं झालं, तर विहिरीचं काहीच बदलणार नाही. अहवालात दुसऱ्या कोणाच्या शेतातलं काही निघालं तर तेही सगळ्यांसमोर येऊ दे. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. त्यांचा ताण थोडा उतरेल.

पावसाळ्याआधी आणि नंतर आरोग्य खात्याचे लोक पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण करतात आणि ग्रामपंचायतीला धोक्याप्रमाणे लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतात. हे सदर वाचणाऱ्या इतर गावांतल्या बायांनाही सांगते, त्या दिवशी विहिरीवर हजर राहा. उकिरडा आणि शोषखड्डा यांबरोबर "इथे फवारणीचे पंप धुतले जातात" हेही त्यांना बोट करून दाखवा. विहिरीला कठडा आहे का, सांडलेलं पाणी बाहेर जाईल असा उताराचा ओटा आहे का, पाहा. तुमच्या विहिरीला ओटा नीट असता तर त्या दिवशी धुतलेलं पाणी आत गेलंच नसतं. आणि पंप, घमेली धुवायला विहिरीपासून लांब एक हौद पंचायतीने बांधून द्यावा. शेतकऱ्याला "इथे धुवू नको" म्हटलं तर कुठे धुवायचं तेही सांगायला हवं.

हुमणीचंही तेच. "थिमेट बंद" एवढंच सांगून तिच्यापासून ऊस वाचत नाही. हुमणीची वर्षाला एकच पिढी असते. वळवाचा पाऊस झाला की भुंगेरे जमिनीतून वर येतात आणि संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर बसतात. तेव्हा सगळ्या शिवाराने मिळून झाडं हलवून ते पाडायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. एकट्याने करून उपयोग नाही. शेजारच्या बांधावरून ते पुन्हा येतात. मेटाऱ्हायझियम ही हुमणीला मारणारी बुरशी शेणखतात मिसळून टाकता येते. कृषी विद्यापीठाची माणसं आणि साखर कारखान्याचा शेती विभाग यांना याची माहिती असते. दिरांशी बोलायला बसाल तेव्हा हे हातात असू द्या. नुसता दोष घेऊन गेलात तर ते ऐकणार नाहीत.

एक गोष्ट मला फार टोचते, ती इथे लिहिते. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचा अंश सापडला आणि निर्यातदार हादरले. त्यानंतर युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी बागेपासून प्रयोगशाळेपर्यंत चोख व्यवस्था उभी राहिली. त्याच वर्षी सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने बाटलीबंद पाण्यातली कीटकनाशकं उघड केली, तेव्हा बाटलीच्या पाण्याची मर्यादाही कडक झाली. प्रत्येक कीटकनाशकाला लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम. नळाच्या पाण्यात फोरेटला मात्र २ चालतात, वीस पट. परक्या गिऱ्हाइकाच्या द्राक्षाला आणि पैसे मोजणाऱ्याच्या बाटलीला मिळालं, ते तुमच्या अंगणवाडीच्या नळाला का मिळू नये? ग्रामसभेत बोलायची वेळ आली तर दिरांबद्दल बोलू नका, हे विचारा.

आता सही. सही करा. ती नाकारलीत तर वही दुसऱ्या कोणाकडे जाईल आणि ती बाई काही न पाहता करून टाकेल. फक्त जे तपासलं त्याचीच सही करा. वहीत कीटकनाशकाचा रकाना नसेल, पण शेऱ्याची जागा असते. तिथे तारीख घालून लिहा: "विहिरीच्या काठावर फोरेटचं भांडं धुतल्याचं पाहिलं. किटमध्ये कीटकनाशक तपासता येत नाही. प्रयोगशाळेच्या तपासणीची मागणी केली." खाली नाव लिहा, पानाचा फोटो काढा आणि ग्रामसेवकांची पोच घ्या. अहवाल आला की त्यातले आकडे मला पाठवा, आपण दोघी मिळून वाचू.